ट्रकच्या पोटाखालचं कुंकू

"ताई, घरात कुणी गडीमाणूस न्हाय का?"

हा प्रश्न मला आठवड्यातून चारदा तरी ऐकावा लागतो. नळदुर्गच्या बाहेर हायवेच्या कडेला माझं ट्रकच्या जुन्या सामानाचं दुकान आहे. ड्रायव्हर उतरतो, काउंटरमागं साडी दिसली की इकडंतिकडं बघतो आणि हेच विचारतो. मी म्हणते, "हाय की गडीमाणूस. आत खाटेवर हाय. ऐंशी वर्साचा हाय, डावं अंग गेलंय. उठवू का?" मग तो मुकाट्यानं कुठलं बेअरिंग पाहिजे ते सांगतो.

अलीकडं दुसरंच एक खूळ आलंय. पुण्यामुंबईकडची माणसं जुने मिलिटरी ट्रक शोधत फिरतात. हॉटेलच्या दारात उभे करायला, फोटो काढायला. कुणीतरी त्यांना माझा पत्ता देतं आणि ते विचारतात, खरी गाडी कशी ओळखायची? मी सांगते. सांगायला माझं काय जातंय? पण एकदा, एका माणसाला, मी खरं सांगितलं नाही. ते इथं लिहून ठेवते. कुणाला पटो न पटो.

मला हे सगळं शिकवलं ते माझ्या बापानं, आबांनी. सव्विसाव्या वर्षी मी नवऱ्याचं घर सोडून माहेरी आले. गावानं तोंडाला पदर लावला, थोरल्या भावानं बोलणं टाकलं. आबा एवढंच म्हणाले, "तुला एबीसीडी येती न्हवं? मग चल." त्यांना लष्कराच्या लिलावातून ट्रक घ्यायचा होता. अनुभव होता, हात होता, पण इंग्रजी अक्षर एक वाचता येत नव्हतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा ट्रकखाली सरपटले. वर दोनतीन दलाल दात काढत उभे होते. आबा त्यांना म्हणाले, "हसा. पोरगी वाचती, तुमी नुसतं बगता."

आबांचा पहिला धडा एकच होता. "गाडी म्हंजी चेसी. बाकी सगळी कापडं." चेसी म्हणजे गाडीच्या तळाला लांबीभर गेलेली ती लोखंडी चौकट. केबिन बदलता येते, इंजिन बदलता येतं, रंग तर कुणीही फासतं. चेसी बदलली की गाडी बदलली.

मग बाकीचं मी बघत बघत शिकले. लष्कराच्या नंबराआधी वर तोंड केलेला बाण असतो आणि बाणानंतरचे दोन आकडे म्हणजे गाडी फौजेत आली ते साल. पण आकडे काय, ब्रश असला की कुणीही काढतं. म्हणून मागच्या फळीवर नखानं रंग खरवडायचा, खालचा जुना आकडा डोकावतोच. आत डॅशवर माहितीची पितळी पट्टी असते. ती रिबिटांनी ठोकलेली पाहिजे, स्क्रूनं बसवलेली असली की समजायचं ती दुसऱ्या गाडीची हाय. आम्ही घेतला त्या तीन-टनी ट्रकच्या पहिल्यापहिल्या लॉटमध्ये वायरींवर कापडी वेटोळं असायचं, नंतरच्यात प्लास्टिक आलं. पहिल्या लॉटला बाजूचे इंडिकेटर नव्हते. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे गिअरबॉक्स. सुरवातीच्या गाड्यांचं सामान परदेशातून यायचं, म्हणून त्याच्या ओतीव लोखंडावर परदेशी अक्षरं उठलेली असतात. पुढं सगळं आपल्याकडंच बनायला लागलं, मग ती अक्षरं गेली. पण गिअरबॉक्सवरची अक्षरं वाचायची तर पाठीवर झोपून खाली जावं लागतं. पांढऱ्या पॅंटीत ते जमत नाही.

आम्ही घेतलेला ट्रक पहिल्या लॉटचा होता. आबांनी त्याच्या पाठीवर क्रेन बसवली आणि आम्ही हायवेवर पडलेल्या गाड्या उचलायला लागलो. आबा स्टिअरिंगवर, मी क्रेनच्या दांड्यावर. पंधरा वर्सं आम्ही बापलेकीनं उसाच्या ट्रॉल्या काढल्या, टॅंकर सरळ केले. एकदा लग्नाच्या वऱ्हाडाची अख्खी जीप नाल्यातून वर काढली. नवरदेव आतच होता आणि मुंडावळ्या सोडायला तयार नव्हता.

आबांचा एक नियम होता. गाडीबद्दल खोटं बोलायचं नाही. कुणी विचारलं, ब्रेक ठीक हाय का, तर ठीक नसला तर नाही म्हणायचं, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. "तू खोटं बोलशील," आबा म्हणायचे, "आन घाटात त्याचं लेकरू बसलेलं असंल." म्हणून या रोडवर आमच्या शब्दाला किंमत होती. अजून आहे.

आता त्या कुंकवाचं सांगते.

ट्रकच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध, खाली, लोखंडाचा फुगीर गोळा असतो. डिफरन्शियल म्हणतात त्याला. लष्कराच्या गाड्यांमध्ये या गोळ्यावर मागच्या अंगाला पांढऱ्या रंगाचा वाटोळा ठिपका काढलेला असतो आणि त्याच्यावर उजेड पडेल असा बारकासा दिवा. आबांनी ते पहिल्यांदा बघितलं आणि हात जोडले. त्यांना वाटलं, फौजेतल्या माणसांनी पूजेसाठी जागा करून ठेवलीय! बाकी जग खंडेनवमीला बॉनेटवर हळदकुंकू वाहतं. आमचा बाप ताट घेऊन ट्रकखाली झोपायचा. तेलात कालवलेली हळद, त्यावर कुंकू, बरोबर त्या पांढऱ्या ठिपक्याच्या मधोमध. आधीच्या सालचं पुसायचं नाही, त्याच्यावरच नवं. लोकं बघायला यायची. आबांचे दोन पाय तेवढे बाहेर दिसायचे आणि आतून "तुळजाभवानी माते की" असा आवाज यायचा. बाहेर आम्ही "जय" म्हणायचो.

एका साली चहाला थांबलेला रिटायर फौजी ते बघून पोट धरून हसला. म्हणाला, "अहो बाबा, ते देवाचं न्हाय. काफिल्यात हेडलाइट बंद ठेवून चालायचं असतं. पुढच्या गाडीचा तो पांढरा ठिपका बघत बघत मागचा ड्रायव्हर येतो. एवढ्यासाठी हाय ते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबा अंगावरची माती झटकत उठले आणि म्हणाले, "म्हंजी अंधारात मागच्याला वाट दावतंय?"

"व्हय."

"मग देव आनखी काय करतो?"

 पुढच्या साली फौजी मुद्दाम खंडेनवमीला आला आणि नारळ त्यानं फोडला.

सहा वर्सांमागं आबांना झटका आला. डावं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, बोलणं दोनतीन शब्दांवर आलं. मी त्यांना घेऊन धाराशिवला दवाखान्यात महिनाभर होते. परत आले तर अंगणात ट्रक नाही. जिथं चाकं उभी असायची तिथं चार खळगे आणि तेलाचा डाग.

भावानं विकला होता. भंगारात. म्हणाला, "आता चालवणार कोण? बाई चालवणार व्हय क्रेन?"

पंधरा वर्सं कोण चालवत होतं रे? माझं डोकं असं सणकलं, की त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. त्याची बायको कानावर हात ठेवून आत गेली. मला पैशाचं काही नव्हतं. मला एकदा विचारायला पाहिजे होतं. एकदा. गाय विकताना गोठा झाडणाऱ्या बाईला विचारतात, मला कुणी विचारलं नाही.

आणि आबा रोज सकाळी चहा घेताना एकच शब्द बोलायचे. "गाडी?"

"गॅरेजला हाय आबा. काम निघालंय." मी सांगायची. गाडीबद्दल खोटं बोलायचं नाही, हा नियम मी तिथंच मोडला होता म्हणा. पण ते आजाऱ्याला दिलेलं औषध होतं, ते मी धरत नाही. सहा वर्सं मी रोडवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं. असा असा ट्रक दिसला तर कळवा.

मागच्या उन्हाळ्यात एकानं कळवलं. धाराशिवच्या बाहेर एक जुन्या गाड्यांचा व्यापारी आहे, त्याच्या आवारात मिलिटरी ट्रक नटवायला काढलाय. पुण्याचा माणूस उद्या बघायला येणार हाय.

मी आबांना शेजारणीवर सोपवलं, पहाटेची एसटी पकडली, तुळजापूरला गाडी बदलली आणि ऊन चढायच्या आत त्या आवारात पोचले. ट्रक बघितला आणि माझा चेहराच पडला. नवा कोरा हिरवा रंग, दारावर पांढरा बाण, बाणापुढं लढाईच्या जमान्यातलं साल. केबिन आमची नव्हती. आमच्या केबिनच्या दाराला वाकलेली कड होती, हे दार सरळ. क्रेन पण नव्हती.

व्यापारी पुढं आला. पान खाल्लेलं तोंड, गळ्यात जाडजूड चेन. जुन्या सामानाच्या धंद्यातला, मला नावानं ओळखणारा. "काय आक्का, काय पायजे?"

"बगती."

"बगा की. लढाईतला माल हाय. पयला लॉट. असा पीस सगळ्या मराठवाड्यात न्हाय."

मी केबिनमध्ये डोकं घातलं. पितळी पट्टी चार स्क्रूंवर, स्क्रू नवे चकाचक. वायरी प्लास्टिकच्या. बाजूला इंडिकेटरची भोकं पुट्टी भरून बुजवलेली. वरून कीर्तन आतून तमाशा! नंतरच्या लॉटची केबिन बसवून पहिल्या लॉटचं साल रंगवलेलं. चेसीवरचा नंबर तर ग्राइंडरनं घासून सपाट केलेला, म्हणजे पट्टीवरच्या नंबराशी भांडण नको. मी मनात म्हणलं, चल, नाही ही आपली. फुकट एसटीचा हेलपाटा.

तरी सवय जात नाही. पदर खोचला आणि खाली सरपटले.

चेसीला क्रेनच्या पायांची आठ भोकं होती. वेल्डिंगनं बुजवलेली, पण आठच्या आठ, आणि चौथं जरा तिरकं. ते तिरकं भोक मी पाडलं होतं, आबांच्या शिव्या खात.  गिअरबॉक्सवर हात फिरवला. मातीखाली ती परदेशी अक्षरं बोटाला लागली. मग मागं सरकले, गोळ्यापाशी. त्याच्यावरही हिरवा फासला होता मेल्यांनी. मी नखानं खरवडलं. हिरव्याखाली काळपट लाल निघालं. लालखाली पिवळं, परत लाल, परत पिवळं. तेलानं घट्ट झालेला पापुद्रा, बोटाच्या पेरभर जाड. आणि सगळ्यात तळाला पांढरं.

मी तिथंच पडून रडले. खालून कुणाला दिसत नाही, ते एक बरं असतं.

आता गंमत बघा. व्यापाऱ्यानं ही गाडी खोटी समजून खरी म्हणून विकायला काढली होती. चेसी खरोखरच पहिल्या लॉटची आहे, हे त्या बहाद्दराला ठाऊकच नव्हतं! खालून वाचायची अक्कल असती तर त्याला ती स्क्रूची पट्टी लावायची गरज नव्हती. हे त्या आवारात फक्त मला ठाऊक होतं.

मी बाहेर निघतेय तोवर पुण्याची मोटार आली. साहेब उतरले. पांढरी पॅंट, हातात मोबाइल, मोबाइलमध्ये खुणांची यादी. कुठल्या सालच्या गाडीला काय असतं ते सगळं इंग्रजीत. माणूस वाईट नव्हता, हे सांगायला पाहिजे. नीट बोलत होता. मला मातीनं माखलेली बघून म्हणाला, "तुम्हाला यातलं कळतं का?"

व्यापारी हसला. "ह्यांचा बाप क्रेन चालवायचा. नळदुर्गला दुकान हाय आक्काचं. आक्का, सांगा सायबाला, कसा पीस हाय."

त्यानं स्वतःहून मला बोलायला लावलं. मग मी बोलले. पट्टीचे स्क्रू दाखवले. प्लास्टिकच्या वायरी दाखवल्या. बुजवलेली भोकं, सरळ दार, दारावरचं साल खरवडल्यावर खाली निघालेला भलताच आकडा. शब्दन् शब्द खरा. साहेब यादीवर टिचक्या मारत गेले आणि व्यापाऱ्याचं पान तोंडातच राहिलं.

शेवटी साहेबांनी मोबाइल खिशात घातला. म्हणाले, "केबिन बदलता येईल हो. मी शोधीन. चेसी तरी खरी आहे का, एवढंच सांगा. चेसी पहिल्या लॉटची असेल तर मी आत्ता घेतो."

एवढाच प्रश्न. माझ्या नखात कुंकू होतं.

मी म्हणले, "वाकून बगा की. खाली गिअरबॉक्सवर अक्षरं असत्यात."

त्यांनी खाली बघितलं. तेल, माती, चिखल. मग स्वतःच्या पॅंटीकडं बघितलं. "तुम्ही बघितलंय ना? तुमच्या शब्दावर विश्वास आहे माझा."

उंटावरून शेळ्या हाकणारे! दोन हात खाली वाकले असते, तर अक्षरं समोर होती. वाकले असते तर मी एक शब्द बोलले नसते, आईशप्पथ. मी माझ्या बापाच्या गाडीकडं बघितलं आणि म्हणले,

"न्हाय सायेब. चेसी नंतरची हाय."

साहेब आभार मानून गेले. पंधरा वर्सांच्या शब्दाची किंमत मी तिथं एका दमात मोडून खाल्ली.

धुरळा बसला तसा व्यापारी माझ्यावर धावून आला. बाई म्हणून सोडतोय म्हणाला. मी म्हणले, "सोडू नको. बस हितं. या रोडवरचे अर्धे ड्रायव्हर माझ्या दुकानात चहाला थांबत्यात. स्क्रूची पट्टी आन घासलेला नंबर मी एकेकाला सांगत बसंन. मग बग कोण घेतो तुझा पीस. भंगाराच्या भावात मला दे, तुझी पण सुटका." तो तासभर शिव्या देत होता. मी ट्रकच्या सावलीत बसून डब्यातली भाकरी खाल्ली. जेवण झालं तोवर तो तयार झाला.

ओढून आणली ती नळदुर्गला. रस्त्यावर पळवायची परवानगी तिला आता मिळायची नाही, ते मला ठाऊक आहे. अंगणात उभी राहील, क्रेन परत बसवली की इंजिनं उचलील. मी तिला शर्यतीला आणली नव्हती.

आबांना खुर्चीवर बसवून बाहेर आणलं. त्यांनी हिरवा रंग बघितला, सरळ दार बघितलं आणि मान हलवली. न्हाय. आपली न्हाय. मला हसूही आलं आणि रडूही. या वयात, अर्ध्या अंगानं, माणूस दार वाचत होता! मी एका जुन्या ट्रकचा बाजूचा आरसा काढला, गोळ्याखाली तिरका धरला. तो बारका दिवा बॅटरीला जोडला. आरशात पांढरं, पिवळं, लाल उजळलं.

आबांचा उजवा हात उचलला गेला. कपाळापर्यंत.

मग मी त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. गॅरेजचं खोटं सांगितलं, भावानं विकल्याचं सांगितलं, आणि साहेबांना काय बोलले तेही. म्हणलं, "आबा, मी गाडीबद्दल खोटं बोलले." आणि थोबाडीत खायला गाल पुढं केल्यासारखी बसून राहिले.

आबांना शब्द जमवायला लई वेळ लागतो. तोंडाच्या चांगल्या बाजूनं ओढून आणावा लागतो एकेक.

"वाकला... न्हाय?"

"न्हाय आबा. म्या सांगून पण वाकला न्हाय."

आबांनी ट्रककडं बघितलं. "मग... त्याची... न्हवती."

लोकांना हे पटत नाही. मी ज्याला सांगितलं तो म्हणतो, कशीही फिरवा, फसवणूक ती फसवणूक. असेल. त्या साहेबांना कधी खरी गाडी पाहिजे असली तर त्यांनी यावं, मी त्यांच्यासाठी जिल्हाभर ट्रकांखाली लोळीन आणि एक पैसा घेणार नाही. पण ही नाही.

यंदाच्या खंडेनवमीला भाऊ आला. आबा खुर्चीत होते. मी हळद तेलात कालवत होते. भावानं ट्रकभोवती एक चक्कर मारली, दार उघडून बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ही आपली कशावरून? केबिन भलतीच हाय. फसवलं तुला कुणीतरी."

मी उठले. ताट त्याच्या हातात दिलं.

"विकताना मला विचारलं न्हाईस. आता मला विचारू नको," मी म्हणले. "वाक."

पाहुणे बघत होते. त्याची बायको बघत होती. त्यानं नवा शर्ट घातला होता. आबांनी उजव्या हाताची काठी उचलली आणि ट्रकच्या पोटाकडं दाखवली.

भाऊ खाली झोपला. त्याचे दोन पाय तेवढे बाहेर राहिले.  आतून नाक ओढल्याचा आवाज आला. आणि मग, अगदी आबांसारखाच, "तुळजाभवानी माते की."

मी सगळ्यात मोठ्यानं "जय" म्हणले.